दशावतारी आख्यान : रूपांतर आणि श्रद्धा

मराठी समीक्षेत 'रूपांतर' ह्या शब्दाला फार दिवसांपासून एक दुय्यमपणाची छटा चिकटलेली आहे. स्वतंत्र कृती ती श्रेष्ठ आणि रूपांतरित कृती ती उसनी, असा एक हिशेब आपण मनाशी बाळगतो. परभाषेतील नाटकावर बेतलेल्या नाटकाच्या बाबतीत हा हिशेब कदाचित योग्यही असेल. परंतु जी कथा मुळातच सर्वांची आहे, जिचा कर्ता कोण हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही, आणि जी सांगणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्यासही ठाऊक आहे, तिचे रूपांतर ह्या हिशेबात बसत नाही. रामाची, कृष्णाची वा कर्णाची कथा पुन्हा सांगणारा मनुष्य एका चालत आलेल्या व्यवहारात आपला वाटा उचलीत असतो. हा व्यवहार श्रद्धेचा आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पण ती श्रद्धा नेमकी कोठे वसते, शब्दांत, कथानकात, वेषभूषेत की आणखी कोठे, ह्याचा विचार क्वचितच होतो. तो येथे करावा, आणि त्यासाठी पेडणे व डिचोली ह्या दोन महालांतील चालत्या-बोलत्या उदाहरणांचा आधार घ्यावा, असा आमचा मानस आहे.

ह्या दोन महालांची निवड केवळ आमच्या सोयीची नाही. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळे पडली आणि देवळांबरोबर त्यांच्या अंगणात सांगितल्या जाणाऱ्या कथाही निराश्रित झाल्या. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोपर्यंत धर्मांतराचा पहिला आवेग ओसरला होता. त्यामुळे येथील देवस्थाने, त्यांचे मानकरी, पालख्या, तरंगे आणि जत्रा ह्यांची परंपरा टिकून राहिली. दिवाडी बेटावरील मूळ स्थान गमावलेला सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सर्वश्रुत आहे. देव जसा नदी ओलांडतो तशी कथाही ओलांडू शकते. मात्र तिला उतरून घेणारे अंगण पलीकडे असावे लागते.

अंगणाचे हे महत्त्व ध्यानात येण्यासाठी दोन ग्रंथांचे स्मरण करावेसे वाटते. गोमंतकातील उपलब्ध मराठी ग्रंथपरंपरेच्या आरंभी ज्या कृतीचे नाव घेतले जाते तीही एक रूपांतरित कृतीच आहे. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचावयास घेतली. भागवताच्या दशम स्कंधाचा आधार, ओवीचा छंद आणि एकोणीस अध्यायांचा विस्तार, असे तिचे स्वरूप आहे. पुढे एकेचाळीस वर्षांनी, १५६७ मध्ये, साष्टीतील देवळे पाडण्यात आली. कृष्णदासाची कृती वाचली, पण ती पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात, रोमन लिपीत उतरविलेल्या हस्तलिखितात. इथल्या लोकांच्या समजुती जाणून घेण्यासाठी मिशनऱ्यांनी अशी हस्तलिखिते तयार करवून घेतली होती. प्रा. अ. का. प्रियोळकर ह्यांच्या संशोधनामुळे मराठी अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले आणि आपले एक मोठे धन आपल्यास पुन्हा गवसले. तथापि मधल्या कित्येक शतकांत त्या ओव्या तेथे कशा स्थितीत होत्या, हे पाहण्यासारखे आहे. ओव्या होत्या, पण श्रोते नव्हते. ज्या कृतीपुढे हात जोडून बसावयाचे ती कृती कपाटात एक पुरावा होऊन राहिली होती.

दुसरा ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण'. रायतूर येथे १६१६ मध्ये छापलेल्या ह्या ग्रंथात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग येतो. नव्याने ख्रिस्ती झालेल्या समाजातील एकजण गुरूस विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे आपण सोडावयास लावलीत, तर त्यांच्या जागी वाचून मन रमेल असे काही आम्हांस द्यावे. ह्या विनवणीत त्या काळच्या मनाची सारी व्यथा साठलेली आहे. देव बदलला तरी संध्याकाळ तीच होती, आणि त्या संध्याकाळी कथेवाचून राहणे त्या लोकांस जड जात होते. स्टीफन्सने हे ओळखले. त्याने कथा बायबलातील घेतली, पण छंद ओवीचा, रचना पुराणाची आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ, असा मार्ग पत्करला. त्याने कथा बदलली. ऐकण्याची रीत बदलली नाही. कृष्णदासाच्या बाबतीत शब्द राहिले आणि श्रोते हरपले. स्टीफन्सच्या बाबतीत श्रोते राहिले आणि कथा पालटली. श्रद्धेचे बीज केवळ शब्दसंहितेत नसते, एवढे तरी ह्या दोन उदाहरणांवरून मान्य करावे लागते.

आता पेडण्याच्या जत्रेकडे वळू.

कार्तिक सरत आला की मांद्रे, पार्से, कोरगाव, धारगळ अशा गावोगावच्या देवळांतून जत्रांचा हंगाम सुरू होतो. दिवसभर ओट्या भरणे, नवस फेडणे चालते. रात्री पालखीची प्रदक्षिणा होते आणि मग देवळाच्या अंगणात दहीकाला, म्हणजेच दशावतारी नाटक उभे राहते. ह्या कलेची अनेक जुनी मंडळे तेरेखोल नदीपलीकडील, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, चेंदवणकर ही नावे पेडण्याच्या जत्रेत घरच्या माणसांसारखी घेतली जातात. राज्याची सीमा नदीतून जाते; जत्रेचा नट त्या सीमेची फारशी दखल घेत नाही.

प्रयोगाची रीत ठरलेली आहे. प्रथम 'आडदशावतार'. नाईक गाऊ लागतो, मृदंग आणि झांज त्यास साथ देतात, पायपेटीचा सूर धरलेला असतो. ऋद्धिसिद्धींसह गणपती येतो, सरस्वती येते, भटजी येऊन आपल्या विनोदी मंत्रांनी पूजा उरकतो. मग वेद चोरणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. दहा अवतारांपैकी रंगमंचावर दिसतो तो हा एवढाच प्रसंग. बाकीचे अवतार नावापुरते. त्यानंतर मध्यरात्रीच्या सुमारास रामायण, महाभारत वा पुराणांतील एखादे आख्यान सुरू होते आणि ते पहाटेपर्यंत चालते. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाक. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. नट आपली रंगभूषा आपल्या हाताने करतो आणि आपली पेटी आपणच वाहतो.

ह्या प्रयोगास लिखित संहिता नसते, ही गोष्ट समीक्षकाने पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. आज कोणते आख्यान लावावयाचे आणि कोणी कोणती भूमिका करावयाची, हे संध्याकाळी ठरते. प्रवेशांचा क्रम सर्वांस माहीत असतो. पदे नाईकाच्या गळ्यात असतात. संवाद मात्र ज्याचा त्याने उभ्या उभ्या रचावयाचा. काल कोरगावात कर्णाने जे भाषण केले ते आज पार्से येथे तो करणार नाही. म्हणजे येथे कथेचे रूपांतर वर्षातून एकदा होत नसून प्रत्येक रात्री, प्रत्येक प्रवेशात होत असते. शब्दनिष्ठा हेच जर श्रद्धेचे लक्षण मानले, तर दशावतारी नटाइतका अश्रद्ध मनुष्य सापडणार नाही. आणि तरीही गणपतीचे सोंग पुढे आले की अंगणातील वृद्ध मंडळींचे हात आपोआप जोडले जातात. हे हात कोणास जोडलेले असतात? समोरचा मनुष्य कोण, तो कोणत्या गावचा, हे त्यांना पुरते माहीत असते. माहीत असूनही हात जोडले जातात, ह्यातच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

दशावताराच्या भाषेचा विचार केला तर हे अधिक स्पष्ट होते. देव, राजे आणि ऋषी संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. संकासुर मात्र मालवणी बोलतो. काळा वेष, उंच टोपी आणि तोंडावरचा मुखवटा अशा थाटात येणारा हा असुर गावच्या गोष्टी काढतो, प्रेक्षकांची थट्टा करतो, नाईकाला कोड्यात पाडतो. वेदांचा चोर आमच्या स्वयंपाकघरातील बोली बोलतो, ही योजना ज्या कोणी केली त्याची समज मोठी होती. वरवर पाहता ह्यात बोलीचा उपहास वाटेल. पण प्रेक्षकांचा जीव कोणावर जडतो ते पाहावे. मुले त्याचीच वाट पाहतात, मोठी माणसे त्याचेच वाक्य दुसऱ्या दिवशी बाजारात सांगतात. गावाने ह्या कथेत स्वतःसाठी जी जागा निवडली ती देवाच्या आसनाशेजारची नाही, देवाच्या शस्त्रासमोरची आहे. देवाच्या हातून मरण येणे ही मुक्तीच, असे आपल्या भक्तिपरंपरेने सांगून ठेवले आहे. तेव्हा आपली बोली संकासुराच्या मुखी घालून गाव आपला उद्धारच त्या रात्री मागून घेतो, असे आम्हांस वाटते. मूळ पुराणात हे नाही. हे रूपांतराने घातले, आणि ते घालताना कथेची मर्यादा सोडली नाही. संकासुर कितीही लाडका झाला तरी तो शेवटी मरतोच.

ह्या 'शेवटी' वर थोडे थांबावयास हवे. आधुनिक नाटकाचा प्रेक्षक पुढे काय होणार ह्या उत्कंठेने बसतो. जत्रेतील प्रेक्षकास पुढे काय होणार हे लहानपणापासून माहीत असते. द्रौपदीस वस्त्रे पुरविली जाणार, हरिश्चंद्राची परीक्षा संपणार, कर्णाच्या रथाचे चाक रुतणार. तरी तो थंडीत, घोंगडी पांघरून, पहाटेपर्यंत जागतो. त्याची उत्कंठा 'काय' ची नसून 'कसे' ची असते. आजचा दुःशासन कोणत्या मुजोरीने पदराला हात घालील, आजची द्रौपदी भीष्मास कोणत्या शब्दांत जाब विचारील, हे ऐकण्यासाठी तो थांबलेला असतो. शेवट ठाऊक असताना जागणे ह्यास आम्ही श्रद्धा म्हणतो. आणि नटाची श्रद्धा कोणती? तो मधला सारा प्रदेश मोकळेपणाने तुडवितो, पण शेवटास बांधून घेतो. मध्ये वाटेल तितके स्वातंत्र्य आणि अखेरीस संपूर्ण शरणागती, असा हा करार आहे. पहाटे दहीहंडी फुटते, काला वाटला जातो, आणि ह्या करारावर जणू देवाची मोहोर उठते.

पेडण्याहून डिचोली महालात सांखळीस गेलो तर ह्याच कराराचे दुसरे टोक पाहावयास मिळते. सांखळीच्या विठ्ठल मंदिरात चैत्रोत्सवात वीरभद्र होतो. दक्षाच्या यज्ञात सतीचा अपमान झाला, तिने देह टाकला, आणि शिवाच्या क्रोधातून वीरभद्र प्रकट होऊन त्याने तो यज्ञ विध्वंसिला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. उत्सवात ह्या कथेतील एकही संवाद बोलला जात नाही. मुकुट आणि अलंकार धारण केलेला, दोन्ही हातांत तलवारी घेतलेला वीरभद्र वाद्यांच्या गजरात नाचत येतो, एवढेच. कथेचा आगापिछा प्रेक्षकाने आपल्या मनातून पुरवावयाचा. दशावतारात शब्दांचा पूर, येथे शब्दांचा पूर्ण अभाव. शिवाय शिवाच्या गणाची ही कथा विठ्ठलाच्या देवळात होते. शैव-वैष्णवांच्या वादाचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्याचे उत्तर ग्रंथांत शोधू नये. ते उत्सवाच्या गर्दीत मिळेल. सांखळीच्या मनुष्यास ही विसंगती वाटत नाही, कारण कथा कोणत्या पंथाची ह्यापेक्षा ती आपल्या अंगणात कोणासमोर होते ह्यास तो अधिक मान देतो.

शेजारच्या सत्तरी महालातील रणमाल्यात तर गाणाऱ्यांची रांगच रंगमंचाचा मागला पडदा होऊन उभी असते. रामायणाची कथा पुढे घडत असते आणि गाव तिच्या पाठीशी, अक्षरशः पाठीशी, उभे असते. नेपथ्यासाठी एक कापड मिळाले नसते असे नाही. पण माणसांचा पडदा काढून कापडाचा लावला, तर त्या प्रयोगातील काय जाईल ते वेगळे सांगावयास नको.

ह्या उदाहरणांवरून आम्ही एका मतास आलो आहोत. प्रिय कथेचे रूपांतर श्रद्धेचा आविष्कार ठरते ते त्यातील बदल कमी आहेत म्हणून नव्हे. सांगणारा कोणास तरी जबाबदार राहतो, म्हणून ते तसे ठरते. ज्या देवतेपुढे कथा सांगावयाची ती देवता, ज्यांना कथा ठाऊक आहे ते श्रोते, आणि कथेचा स्वतःचा शेवट, ह्या तिघांपुढे तो उत्तरदायी असतो. ही जबाबदारी जोवर टिकते तोवर शब्द, वेष, वाद्य, दिवे, सारे बदलावे. ती सुटली की एक अक्षरही न बदलता श्रद्धा निघून जाते.

हे मत मान्य केल्यास आजच्या काही प्रश्नांचा विचार अधिक न्यायाने करता येतो. गेल्या काही वर्षांत दशावताराच्या जाहिरातींत 'ट्रिकसीनयुक्त' हे विशेषण झळकू लागले आहे. धूर, झगमगते दिवे, अंतराळी उठणारे देव, धडावेगळे होणारे मस्तक, असा सारा सरंजाम असतो. जुन्या मंडळींस हे रुचत नाही, आणि ती त्यास भ्रष्टाकार म्हणून मोकळी होतात. आम्हांस हा निकाल घाईचा वाटतो. चमत्कृती दशावतारास नवी नाही. राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ टाकून भडका उडविण्याची रीत जुनीच आहे. समईच्या उजेडात तो भडका पाहून आमच्या आजोबांच्या छातीत धस्स होत असेल. तसेच यंत्र आले म्हणून श्रद्धा गेली असेही नाही. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर ह्यांचे 'रामायण' लागत असे तेव्हा लोक स्नान करून संचापुढे बसत, उदबत्ती लावीत, संचास हार घालीत. शहाण्यांनी त्यावेळी त्यांस हसून घेतले. पण समोर यंत्र आहे हे त्या लोकांस का ठाऊक नव्हते? सोंगापुढे हात जोडणाऱ्या वृद्धांप्रमाणेच त्यांसही सर्व ठाऊक होते.

मग आक्षेप कशास घ्यावा? राळेचा भडका क्षणभर उठे आणि त्या क्षणी राक्षस कथेत शिरे. भडका कथेच्या सेवेस होता. ट्रिकसीनच्या वेळी पुष्कळदा कथा थांबते, पात्रे बाजूस होतात, आणि प्रेक्षक कौतुकाने कारागिरी पाहू लागतो. 'हे कसे केले?' हा प्रश्न त्याच्या मनात येतो आणि 'द्रौपदी आता काय बोलेल?' हा प्रश्न मागे पडतो. दुसरी गोष्ट काल्पनिक आख्यानांची. पुराणांत कोठेही नसलेले राजे, त्यांचे सावत्र पुत्र, त्यांचे कपटी प्रधान घेऊन रचलेली आख्याने अलीकडे पुष्कळ होतात. त्यांत मुकुट पुराणातला असतो, भाषा पुराणातली असते, पण शेवट कोणासही ठाऊक नसतो. तेव्हा प्रेक्षक पुन्हा 'काय होणार' कडे वळतो. हे नाटक वाईट असते असे नाही. पुष्कळदा ते रंगतेही. पण प्रिय कथेचे रूपांतर ते राहत नाही. ती एक नवी कथा असते, जुना वेष ल्यालेली.

येथे मंडळांवर दोष टाकून समीक्षकाने नामानिराळे होऊ नये. मंडळाचा संसार सुपारीवर चालतो. जत्रेचा हंगाम पावसाळ्याआधी संपतो आणि नटाचे पोट बारमाही असते. ज्या गावास ट्रिकसीन हवा त्या गावास ते ट्रिकसीन देतात. तेव्हा प्रश्न गावाने काय मागावे हा आहे, आणि गावाची मागणी घडविणाऱ्यांत आपण शिक्षकही येतो.

दिवाळीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर घ्या. गोव्यातील इतर भागांप्रमाणे पेडणे-डिचोलीतही मुले आठ-पंधरा दिवस राबून बांबू, गवत आणि कागद ह्यांचा प्रचंड असुर उभारतात. त्यांच्या हाताचे कसब पाहून आम्ही नेहमीच थक्क होतो. पण स्पर्धा लागली, रोख बक्षिसे आली, आणि परीक्षक असुराची उंची व अक्राळविक्राळपणा पाहून गुण देऊ लागले. कृष्ण कोठे असतो? पुष्कळ ठिकाणी तो एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा, आणि काही ठिकाणी तितकाही नाही. सोळा सहस्र एकशे स्त्रियांची बंदिवासातून सुटका झाली, ह्या कथेच्या गाभ्याचा तर त्या रात्री उच्चारही होत नाही. पहाटे असुर जळतो, कारण जाळावयाचा असतो. त्याच पहाटे, त्याच गावात, प्रत्येक घरच्या तुळशीपुढे अभ्यंगस्नान केलेले मूल अंगठ्याने एक कारीट चिरडते. ते कडू, बोराएवढे फळ म्हणजे नरकासुरच. एकाच कथेची ही दोन रूपांतरे. एक रस्त्यावरचे, दुसरे अंगणातले. एकास परीक्षक आहे, दुसऱ्यास कोणी नाही. कारीट चिरडणाऱ्या मुलास बक्षीस मिळत नाही. आजी फक्त विचारते, 'फुटले का?' ते फुटले पाहिजे, एवढाच त्या कथेचा आग्रह असतो, आणि तो रोज कोणीतरी जपलेला आहे म्हणून ती कथा अद्यापि आपल्याकडे आहे.

स्पर्धेविषयी हे लिहीत असताना आम्हांस आमच्याच हातून घडलेली एक चूक आठवते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांच्या नाट्यप्रवेशांची स्पर्धा होती. आम्ही परीक्षकांपैकी एक होतो. हातात छापील प्रवेश होता आणि त्यावर नजर ठेवून गुण द्यावयाचे होते. एका प्रवेशात कुंती कर्णाकडे येते. कर्णाची भूमिका करणारा मुलगा दोन वाक्ये बरोबर बोलला आणि तिसऱ्यास अडला. सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मग त्याने मान वर केली आणि छापील कागदात नसलेले बोलू लागला. 'आई, तू आज मला न्यायला आली नाहीस. पाचांना वाचवायला आली आहेस. ते वाचतील. पण मला एकदा, युद्धासाठी नव्हे, नुसतेच मुलगा म्हणून हाक मार.' मागे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आम्ही कागदाकडे पाहिले, ही वाक्ये तेथे नव्हती, आणि आम्ही पाठांतराचे गुण कापले. बक्षीस दुसऱ्या गटास मिळाले. त्यांचे एकही अक्षर चुकले नव्हते.

मागाहून कळले की तो मुलगा जत्रेतील एकही दहीकाला चुकवीत नसे. सोमवारी पहिल्या तासाला पेंगतो म्हणून आम्ही त्यास दोनदा उभेही केले होते. त्या रात्री रंगमंचावर त्याने जे केले ते दशावतारी नटाचे काम होते. शब्द हरपले तेव्हा तो कथेस शरण गेला आणि कथेने त्यास शब्द दिले. शेवट त्याने बदलला नाही. पाच वाचतील हे वचन त्याच्या कर्णानेही दिले. आमच्या हाती त्यावेळी कागद होता, आणि तो आम्ही ब्रागाच्या ग्रंथपालाप्रमाणे सांभाळीत होतो.

२०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' नावाचा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. दिलीप प्रभावळकर ह्यांनी त्यात एका वृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली आणि शहरांतील प्रेक्षकांचे लक्ष ह्या कलेकडे वळले. ही आनंदाची गोष्ट आहे. आता अभ्यासक येतील, ध्वनिमुद्रणे होतील, आख्यानांच्या छापील आवृत्त्या निघतील, शाळांतून त्यांच्या स्पर्धा भरतील. ह्यातील प्रत्येक गोष्टीचा उपयोग आहे आणि एकीसही आमचा विरोध नाही. अकादमीच्या सभासदांस आमची विनंती एवढीच की, आख्यान उतरवून घेताना ते कोणत्या जत्रेत, कोणत्या देवतेपुढे झाले, त्या रात्री नटाने काय नवे घातले आणि प्रेक्षक कोठे हसले वा कोठे गप्प झाले, हेही लिहून ठेवावे. एका आख्यानाची एकच 'शुद्ध' संहिता ठरविण्याच्या मोहात पडू नये. एका आख्यानाची दहा गावांतील दहा रूपे शेजारी शेजारी छापली, तर त्यातून जे कळेल ते एका शुद्ध प्रतीतून कळणार नाही.

शिक्षकांसाठी मात्र अकादमीच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वर्गात पाच-सहा मुले पेंगत असतात. आम्ही आता त्यांस उभे करीत नाही. रात्री कोणते आख्यान होते आणि कर्ण शेवटी काय म्हणाला, एवढे विचारतो. एकजण सांगतो. दुसरा म्हणतो, आमच्या गावात तो असे म्हणाला नव्हता. मग तिसरा उठतो. त्या दिवशी पहिला तास व्याकरणाचा असतो आणि तो बहुधा बुडतो.